गहू-दूध सोडल्यानंतरचे मन : सात्म्यत्यागाचा विचार आणि चिकित्सकाचे कर्तव्य

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एक नवा रुग्णवर्ग येऊ लागला आहे. हा रुग्ण आपल्याला ‘काय खाऊ नये’ असे विचारत नाही. ते त्याने आधीच ठरविलेले असते. कोणाच्या सांगण्यावरून, कधी एखाद्या व्याख्यानावरून, तर कधी पोटाच्या खऱ्या त्रासामुळे त्याने गहू आणि दूध दोन्ही बंद केलेले असतात. पोट थोडे हलके झाल्याचे तो सांगतो. मात्र त्याची तक्रार निराळीच असते. झोप उडाली आहे, क्षुल्लक कारणावरून संताप येतो, डोळ्यांत उगाच पाणी येते, कामात चित्त लागत नाही. घरची मंडळी म्हणतात, पथ्य सुरू केल्यापासून हा माणूस पहिल्यासारखा राहिला नाही.

अशा रुग्णास सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. एक, ‘शरीरातील विष बाहेर पडत आहे, काही दिवस सहन करा.’ दुसरे, ‘हे सारे मनाचे खेळ आहेत.’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे रुग्णाला एकटे पाडणारी आहेत. पहिल्या उत्तराने खरा बिघाड दडून राहतो आणि दुसऱ्याने रुग्णाचा वैद्यावरील विश्वास उडतो. वस्तुतः या अवस्थेचा विचार करण्याची साधने आपल्या संहितांत आहेत, आणि आधुनिक परीक्षणांची जोड दिल्यास बहुतेक रुग्णांत नेमके कारण हाती लागते. त्या दृष्टीने वैद्यवर्ग व औषधविक्रेते बंधुभगिनी यांच्यासमोर हा विषय मांडीत आहोत.

शास्त्रदृष्टी : काय सुटले आणि कसे सुटले

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या, अन्नपानविधी अध्यायात गोधूम हा मधुर, शीत, गुरू, स्निग्ध, वातहर, बृंहण, जीवन, संधानकर व स्थैर्यकर सांगितला आहे. त्याच अध्यायात गोदुग्धाचे दहा गुण सांगून ते ओजाच्या गुणांशी समान असल्याने ओजोवर्धक मानले आहे. हे दोन पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या ताटात आहेत, त्याच्या आहारातील गुरू, स्निग्ध व बृंहण अंशाचा मोठा भाग त्यांतूनच येतो. ते दोन्ही एकाच दिवशी बंद झाले आणि त्यांच्या जागी कोरडी भाकरी, कुरमुरे, कच्च्या भाज्या व उपवासासारखे जेवण आले, म्हणजे रूक्ष व लघू गुणांची एकाएकी वाढ झाली. वाताच्या प्रकोपास याहून अधिक काय हवे? निद्रानाश, चित्ताची अस्थिरता, भय, मलावष्टंभ, त्वचेची रुक्षता ही लक्षणे एकत्र दिसू लागली, तर त्यात आश्चर्य नाही.

दुसरा मुद्दा त्यागाच्या रीतीचा. चरकाच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवयही क्रमाक्रमाने सोडण्याचा उपदेश आहे. सोडावयाच्या गोष्टीचा चतुर्थांश कमी करावा, त्या जागी तेवढाच हितकर अंश घ्यावा, आणि पुढच्या पायरीपूर्वी एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवावे, हा तो पादांशिक क्रम. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात अतिलवणसेवनाची सवय लागलेल्यांसाठीही क्रमानेच निवृत्ती श्रेयस्कर मानली आहे. वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधीच्या प्रकरणात एकदम सोडणे व एकदम स्वीकारणे या दोहोंपासून असात्म्यज रोग होतात असे बजावले आहे. ओकसात्म्य झालेले द्रव्य दोषकारक असले तरी त्याचा सहसा त्याग हे स्वतंत्र रोगकारण ठरू शकते, हे तत्त्व यावरून स्पष्ट होते. आजच्या ‘उद्यापासून सर्व बंद’ या पथ्यपद्धतीत नेमके हेच तत्त्व विसरले जाते.

कालावरून कारणाचा शोध

अशा रुग्णाच्या प्रश्नपरीक्षेत ‘त्रास पथ्य सुरू केल्यावर किती दिवसांनी सुरू झाला?’ हा प्रश्न आम्ही सर्वप्रथम ठेवू. कारणांचे तीन गट त्यावरून बऱ्याच अंशी वेगळे करता येतात.

पहिल्या आठ-दहा दिवसांतील चिडचिड, डोकेदुखी व मरगळ यांत चहाचा प्रश्न अवश्य विचारावा. महाराष्ट्रात दूध सोडणे याचा अर्थ पुष्कळदा चहा सोडणे असा होतो. दिवसाला चार-पाच कप घेणारा माणूस एकदम थांबला, की १२ ते २४ तासांत लक्षणे सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत ती तीव्र होतात आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतात. कॅफीनच्या त्यागाने होणारा हा लक्षणसमूह आधुनिक मानसरोगशास्त्राने २०१३ साली आपल्या अधिकृत निदानसूचीत स्वीकारला. दोष दुधाच्या त्यागाला दिला जातो, कारण मात्र चहापत्तीत असते. अशा रुग्णास थोडा कोरा चहा देऊन पाहावा. डोकेदुखी उतरली तर निदान झाले. पुढे चहाही पादांशाने कमी करता येतो.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यातील त्रासात अल्पाशन हे कारण शोधावे. चार पोळ्या गेल्या आणि त्यांच्या जागी एक लहानशी भाकरी आली, दोन पेले दूध गेले आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही, असे आढळते. रुग्ण हे ‘हलके वाटते’ अशा शब्दांत सांगतो. वजन केले तर दोन-तीन किलो उतरलेले असते. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास वाढणारा संताप, पहाटे तीनला येणारी जाग, थंडी न सोसणे ही चिन्हे भुकेची आहेत. येथे मानस औषधांपूर्वी अन्नाचे प्रमाण वाढवावे.

काही महिन्यांनंतर सुरू झालेली खिन्नता, विस्मरण, हातापायांना मुंग्या, जिभेची आग अशी तक्रार असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी केलीच पाहिजे. शाकाहारी माणसास हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. तुपातून ते मिळत नाही. यकृतातील साठा भरलेला असेल तर तो काही वर्षे पुरतो. परंतु आपल्याकडे अनेकांचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. पुण्यातील पुरुषांच्या रक्ततपासणीवर आधारलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिकांत ब-१२ कमी आढळले होते. अशा माणसाने उरलेसुरले दूधही बंद केले, तर त्याचे परिणाम लवकर दिसू शकतात. ही कमतरता कोणत्याही चूर्णाने भरून येत नाही. ब-१२ ची गोळी अथवा इंजेक्शन द्यावे लागते, आणि ते सुचविण्यात वैद्याने कमीपणा मानू नये. जोडीला रक्तातील लोह, हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

‘व्यसन सुटल्याची लक्षणे’ म्हणावीत का?

गहू व दूध ही मादक द्रव्ये असून ती सोडल्यावर व्यसन सुटल्यासारखा त्रास होतो, असे विधान रुग्णांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. त्याचे मूळ १९७९ च्या सुमारास झालेल्या प्रयोगशाळेतील संशोधनात आहे. ग्लूटेन व केसीन या प्रथिनांच्या पचनातून अफूसदृश गुणांचे सूक्ष्म तुकडे तयार होतात, असे तेव्हा दाखविले गेले. हे निरीक्षण खरे आहे. परंतु निरोगी माणसाच्या आतड्यातून ते पुरेशा प्रमाणात मेंदूपर्यंत पोचतात आणि आहार बंद केल्यावर त्यांच्या अभावाने मनोविकार होतो, हे सिद्ध झालेले नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली दुधातील अशा तुकड्यांसंबंधीच्या पुराव्यांचा आढावा घेतला; त्यातही त्यांचा कोणत्याही रोगाशी कार्यकारणसंबंध प्रस्थापित झाला नाही.

ग्लूटेन व मन यांच्या संबंधाविषयीचे पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान परीक्षणात, सीलिअ‍ॅक रोग नसलेल्या पण गव्हाने त्रास होतो असे सांगणाऱ्या २२ जणांना तीन दिवस गुप्तपणे ग्लूटेन दिले असता खिन्नतेचे गुणांक वाढलेले आढळले. याउलट नॉर्वेत २०१८ साली ५९ जणांवर झालेल्या परीक्षणात पोटाची लक्षणे ग्लूटेनपेक्षा गव्हातीलच फ्रुक्टान या शर्करांशाने अधिक वाढली. फ्रुक्टान कांदा-लसणातही असते. तेव्हा ‘गहू सोसत नाही’ हा रुग्णाचा अनुभव खरा मानूनही त्याचा दोष ग्लूटेनवर टाकण्याची घाई करू नये.

निदान आधी, त्याग नंतर

सीलिअ‍ॅक रोगाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाल्यावर ही मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, यातून त्या संशयास बळ मिळाले. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. सीलिअ‍ॅकग्रस्त बालकाचा चिडखोर, रडवेला स्वभाव प्रसिद्ध आहे, आणि गहू बंद केल्यावर पुष्कळदा सर्वांत आधी सुधारतो तो हा स्वभाव. म्हणजे खऱ्या सीलिअ‍ॅकमध्ये त्यागानंतर मन सुधारणे अपेक्षित असते. ते बिघडले तर निराळे कारण शोधावयास हवे.

हा रोग भारतात दुर्मीळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांतील त्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के व दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. त्याची रक्ततपासणी, म्हणजे टी.टी.जी. आय.जी.ए., ही रुग्ण गहू खात असतानाच विश्वसनीय ठरते. कित्येक महिने गहू बंद केल्यानंतर केलेली तपासणी निर्दोष आली तरी तिला अर्थ उरत नाही. म्हणून ग्रहणी, पांडू, कार्श्य, जीर्ण अतिसार अशा लक्षणांच्या रुग्णास गहू बंद करण्यास सांगण्यापूर्वी ही तपासणी करून घेणे हे आपले कर्तव्य समजावे.

रोग निश्चित झाल्यास पादांशिक क्रम लावू नये. तेथे गहू, जव व राय संपूर्णपणे आणि आजन्म वर्ज्य आहेत. येथे एक सावधगिरी वैद्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. प्रमेह व स्थौल्यात आपण यव विश्वासाने देतो; परंतु सातू म्हणजे जवच, आणि त्यात ग्लूटेन आहे. तो सीलिअ‍ॅकच्या रुग्णास चालणार नाही.

दुधाच्या बाबतीतही भेद करावा. दुग्धशर्करा न पचणाऱ्या रुग्णास पोटफुगी व अतिसार होतो. त्याला ताजे मधुर ताक व तूप बहुधा सोसते. दुग्धप्रथिनांची अॅलर्जी असलेल्यास मात्र तूप-ताकासह सारेच वर्ज्य करावे लागते. पहिल्या प्रकारच्या रुग्णाचे तूप-ताक विनाकारण बंद करणे म्हणजे वातशमनाची हातातील साधने टाकून देणे होय.

पादांशिक क्रम व्यवहारात

रोगनिश्चिती झाली नाही, तरीही रुग्ण प्रयोग करू इच्छितो, अशा वेळी पुढील क्रम सुचवावासा वाटतो. दोन्ही द्रव्ये एकदम सोडू नयेत. प्रथम एक निवडावे. रोज चार पोळ्या खाणाऱ्याने पहिले तीन दिवस एक पोळी कमी करून त्या जागी ज्वारीची भाकरी घ्यावी, पुढचे तीन दिवस दोन, आणि याप्रमाणे सुमारे दोन आठवड्यांत पोळी थांबवावी. कमी झालेला अंश तितक्याच पोषणाच्या अन्नाने भरला पाहिजे, हे आवर्जून सांगावे. भाकरीवर तूप वा लोणी, आणि तेही वर्ज्य असल्यास तिळाचे तेल वा ओले खोबरे असावे. चार ते सहा आठवड्यांत स्पष्ट लाभ दिसला नाही, तर तोच पदार्थ त्याच क्रमाने परत सुरू करावा. लाभाविना चाललेले पथ्य हे रुग्णावरील ओझे आहे. या काळात रुग्णास एका वहीत निद्रा, मलप्रवृत्ती, भूक व मनःस्थिती रोज एका ओळीत लिहावयास सांगावे. पुढील भेटीत ती वही फार उपयोगी पडते.

पर्यायांसाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांची भाकरी आहे. वरई, राजगिरा, शिंगाडा व साबुदाणा हे उपवासाचे पदार्थ स्वभावतःच ग्लूटेनरहित आहेत. मात्र रोज उपवासाचेच खाणे हे पोषण नव्हे, डाळी-उसळी हव्यातच. दुधाअभावी चुन्याचे प्रमाण राखण्यासाठी नाचणी व तीळ उपयुक्त आहेत. प्रौढास दररोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते.

सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने पिठाच्या गिरणीकडेही लक्ष द्यावे. आधी गहू दळलेल्या जात्यातून निघालेले ज्वारीचे पीठ शुद्ध राहत नाही. वेगळी घरगुती चक्की असणे उत्तम. थालीपिठाची भाजणी व मेतकूट यांत गहू असू शकतो, तर बाजारातील खड्याच्या वा पुडीच्या मिश्र हिंगात बहुधा गव्हाचे पीठ वा मैदा मिसळलेला असतो.

औषधयोजना, अनुपान आणि औषधालय

हिंगाचा मुद्दा औषधविक्रेत्यांनाही लागू आहे. हिंग्वष्टक चूर्णात वापरलेला हिंग शुद्ध आहे की मिश्र, याचे उत्तर सीलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी निर्णायक ठरते. गोळ्यांच्या आधारद्रव्यांत कोणता स्टार्च आहे व लॅक्टोज आहे काय, हेही उत्पादकाकडून लेखी मागवून दुकानात ठेवावे. अन्नपदार्थांवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिण्यासाठी एका किलोत २० मिलिग्रॅमपर्यंतचीच मर्यादा आहे. औषध देतानाही तोच मापदंड मनात ठेवणे योग्य.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मनोविकारांत आपण ज्यांवर भिस्त ठेवतो ती औषधे पुष्कळशी गव्य आहेत. पंचगव्य घृतात दूध-दही आहे, ब्राह्मी घृत तुपाचे आहे, अश्वगंधा व शतावरीचे रूढ अनुपान दूध आहे. गंधक, वत्सनाभ, कुचला यांच्या शोधनातही दूध येते. दुग्धप्रथिनांची अॅलर्जी असणाऱ्यास हे विचारूनच द्यावयास हवे. चरकोक्त चार मेध्य रसायनांपैकी यष्टिमधू दुधाबरोबर सांगितले आहे. मंडूकपर्णी स्वरस, गुडूची स्वरस व शंखपुष्पी कल्क यांना दुधाची गरज नाही. अश्वगंधा कोमट पाण्याबरोबर देता येते. थायरॉइडची वा झोपेची आधुनिक औषधे चालू असल्यास ती विचारपूर्वक द्यावी.

आमच्या मते या अवस्थेत सर्वांत निरपवाद उपाय बाह्य स्नेहाचा आहे. चरकाने निद्रानाशात अभ्यंग व स्नान यांबरोबर दूध, दही व स्नेह सांगितले आहेत. यांतील दूध-दही अशक्य झाले, तरी अभ्यंग शक्य आहे. कोमट तीळतेलाचा सर्वांगास अभ्यंग, रात्री पादाभ्यंग, आवश्यकतेनुसार तैलाची शिरोधारा यांनी आहारातून गेलेल्या स्निग्धतेची काही भरपाई होते. त्यासाठी रुग्णाच्या पथ्यास धक्का लावावा लागत नाही.

पंगतीतील एकटेपणा

अन्न हे केवळ शरीराचे नाही. सणाला पुरणपोळी, सत्यनारायणाचा शिरा, पाहुण्यांना चहा, या सर्वांस ‘नको’ म्हणणारा माणूस हळूहळू पंगतीपासून दूर होतो. कुटुंबीयांस ते नखरे वाटतात. स्त्री रुग्णास तर स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करण्याचा संकोच असतो आणि ती अर्धपोटीच उठते. म्हणून दुसऱ्या भेटीत घरातील एका व्यक्तीस बोलवावे आणि पथ्य कशासाठी व किती काळ आहे ते समजावून सांगावे. घरातील एक जेवण, निदान रात्रीचे, सर्वांनी भाकरी-आमटी-भाताचे करावे. याने रुग्ण एकटा पडत नाही. सत्त्वावजय चिकित्सेचा हा साधा पण परिणामकारक भाग आहे.

मर्यादा ओळखावी

खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक काळ अखंड राहिली, कामधंदा सुटला, अन्नाविषयी भीती वाढून एकेक पदार्थ गळत चालला, वजन सतत उतरत राहिले, अथवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला गेला, तर पथ्याची चर्चा बाजूला ठेवून रुग्णास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. मरणाचे विचार आहेत काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने ते वाढत नाहीत. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो क्रमांक चिकित्सालयात व औषधालयात दिसेल असा लावावा. नव्या आहाराने बरे वाटते म्हणून कोणी मानसरोगाची चालू औषधे परस्पर बंद केली असतील, तर ती तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरावा.

गहू आणि दूध यांना सरसकट दोषी ठरविणे वा सरसकट निर्दोष मानणे, दोन्ही शास्त्रसंमत नाही. एकच द्रव्य एकास जीवनीय, तर दुसऱ्यास रोगकर ठरते, हा भेद ओळखणे हेच आपले कौशल्य. जे सुटले ते का सुटले, कसे सुटले आणि त्याच्या जागी काय आले, हे तीन प्रश्न प्रत्येक वैद्याने अशा रुग्णास विचारावेत, आणि औषधविक्रेत्याने दुधाच्या अनुपानाचे औषध देताना ‘दूध घेता ना?’ एवढे तरी विचारावे. इतकी दक्षता घेतली, तर पथ्याने पोट सुधारत असताना मन गमावण्याची वेळ रुग्णावर सहसा येणार नाही.